एक रवा आन् वर सा किलो

...आन् ह्यात सांगण्यासारखं हाय तरी काय वो? वजन वाढलं हुतं, उतरवलं, मिटलं! पर न्हाय, ह्या आमच्या पुतणीनं, वर्षाराणीनं, चार दिस डोस्कं खाल्लं. "आबा, रंकाळ्यावर फिरणाऱ्यांचा मेळावा हाय, तुमी बोलाच, लोकास्नी हुरूप येतोय," आन् आणून बसवलं मला ह्या माइकफुडं, चौथीत शाळा सोडल्याल्या माणसाला! बरं, सांगतो. पर एक पयलंच कान उघडून ऐका. मी जे काय केलं ते माझ्या धाकट्या भावासाठी केल्यालं न्हाय. अजिबात न्हाय!

तुमास्नी सांगतो, मी जोतीराम, पेठेतला पैलवान. म्हंजे हुतो. तालमीत हुतो तवा दोन लिटर म्हशीचं दूध, मूठभर बदाम, वाटीभर तूप, बुधवार-रविवार मटण, असा खुराक. अठ्ठाविसाव्या वर्साला कोपर निसटलं, कुस्ती सुटली... पर खुराकाला कोण सांगणार कुस्ती सुटली म्हणून? त्यो चालूच की! तीस वर्सं! सांजच्याला म्हशींच्या दूधकट्ट्यावर जायचं, समोर पिळल्यालं दूध फेसासकट घटाघटा वडायचं, मिशी पुसायची, घरला येऊन जेवाय बसायचं. आन् बैठका? बैठका कशाला, आता कुस्ती कुठं खेळायचीय!

तर नव्वद सालात धाकट्याच्या थोरल्या पोरीचं लगीन. पंगत बसली. मी थोरला चुलता, पयल्या पंगतीला, म्होरं पाव्हणं-रावळं. जिलबी आली. दुसऱ्यांदा आली. तिसऱ्यांदा आली, तवा ह्यो धाकटा मांडवाच्या त्या टोकावरनं वराडला, "आरं, दादाला पानात कशाला वाढतायसा, परातच ठेवा की म्होरं!" पाचशे माणूस हसलं! नवरीचा सासरा हसला, बँडवाला हसला, आमची चिमणाबाई, माझी बायकू, ती बी पदर तोंडाला लावून हसली! मी उठलो, खरकट्या हातानं घरला आलो, आन् त्या दिवसापास्नं आमचं बोलणं बंद, त्याचं नाव बी तोंडात घ्यायचं बंद. अकरा वर्सं. घराची भिंत एक हो! हिकडं मी जेवतोय, तिकडं त्यो खोकतोय, मला घास गिळता गिळता कळायचं की आज ह्याला सर्दी झालीय. पर बोलणं? छ्या!

आन् मग दोन हजार एक साली त्याच्या दोन्ही किडन्या गेल्या.

त्याची धाकटी पोर, ही वर्षाराणी आली, तवा कालिजात हुती, उंबऱ्यात हुबं ऱ्हायली. "आबा, आईला साखर हाय, तिची चालत न्हाय. मी देणार हाय." म्हनलं, तू? आगं, एकोणीस वर्साची तू, तुझं समदं व्हायचंय अजून! गप बस. सख्खा भाऊ जित्ता हाय त्याचा. चल, कुठं हाय तुझा डॉक्टर? आन् हे बघा, पोरीसाठी म्हनलो मी. त्याच्यासाठी न्हाय, ध्यानात ठेवा.

डॉक्टरच्या यंत्रावर चढलो तर काटा कडंला जाऊन टेकला, परत म्हणून येईना! रक्त जुळलं, समदं जुळलं, पर डॉक्टर म्हणतोय, "आजोबा, नव्वदच्या आत या. एवढ्या चरबीत आम्ही तुम्हालाच गमावून बसू. तोवर भावाचं रक्त आठवड्यातून दोनदा मशीनवर धुऊ." म्हनलं, किती दिस धुवाल? तर त्यो पोरीकडं बघाय लागला. मला काय कळत न्हाय व्हय?

गेलो तसाच मार्केट यार्डात. तीस वर्सं गुळाच्या काट्यावर बसलोय मी, समद्या जिल्ह्याचा गूळ तोललाय, सोताला कवा तोललं न्हवतं. ज्ञानू हमालाला म्हनलं, लाव. एक रवा तीस किलोचा. त्यानं एका पारड्यात रवं चढवलं, दुसऱ्यात मी. एक, दोन, तीन, चार... "दादा, चार रवं आन् वर सा किलो!" समदं हमाल जमलं हुतं. म्हंजे मला एक रवा आन् वर सा किलो अंगावरनं उतरवायचा हुता. तवर म्हायतीच न्हवतं, मी गुळाचा रवा पोटाला बांधून फिरतोय त्ये!

मग काय, पाटंचं रंकाळा. पयल्या दिशी पयल्या बाकड्यापातूर गेलो आन् तिथंच बसलो. म्हातारं पैलवान जाता-येता, "काय जोतीराम, कुणाची वाट बघतायसा?" म्हनलं, माझ्या श्वासाची! दुसऱ्या बाकड्याला आठ दिस लागलं. दूध बंद, तूप बंद, मटण बंद. नाचणीची भाकरी, माठाची भाजी, वरनं काकडी. सांजच्याला बायकूच्या आडून खाईन म्हनलं तर वर्षाराणीनं डबं वर ठेवल्यालं, आन् मला कुठलं चढाय येतंय! चिमणाबाई म्हनाली, "तुमी न्हाय तर मी बी मटण न्हाय खात." डोळ्यात पाणी आलं वो माझ्या, चाळीस किलोची बाई, आणखी वाळायची म्हणून. दोन म्हैन्यानं कळलं, शेजारच्या झुंबरबाईकडं बसून खातीया! पर एक सांगतो, माझ्याफुडं तिनं कवा तांबड्या रश्श्याचं नाव काढलं न्हाय. तेवढी माया फुरं झाली.

दर सोमवारी काट्यावर. पाचव्या म्हैन्यात एकशेचारला वजन अडलं. हालंना! तीन सोमवार! राग आला, गेलो कट्ट्यावर, म्हनलं, द्या पेला. फेस हाताला लागला, गरम... आन् सांगायचं न्हवतं, पर सांगतो. त्याच दुपारी दवाखान्यात दाराच्या काचंतनं धाकटा दिसल्याला. त्याला पाणी बी मोजून. वाटीत बरफाचा खडा, त्यो चोखत पडल्याला, मनगाट काडीगत. ह्याच मनगटानं ल्हानपणी माझी आंगोळीची बादली उचलून आणायचा. पेला तसाच खाली ठेवला वो. पैसं दिलं, आलो. त्याच्यासाठी न्हाय! जरा... जरा पोट गच्च वाटत हुतं म्हणून.

धाव्या म्हैन्यात ज्ञानूनं तीनच रवं लावलं आन् माझं पारडं वर गेलं! हमालांनी उचलून घेतलं मला. उचलाय यीत हुतं आता!

पुण्याला नेलं. आपरेशनच्या सकाळी दोन खाटा शेजारी शेजारी. अकरा वर्सांनी त्यानं माझ्याकडं तोंड केलं. व्हट हाललं. मी म्हनलं, आली, आता माफी आली! तर बघतच ऱ्हायला, डोळं भरलं आन् म्हनला, "दादा... केवढा वाळलास रं!" आन् हात फुडं केला. मी धरला. काय करणार, नर्स बघत हुती.

झालं ते. पाच वर्सं झाली, ठणठणीत हाय. लई ठणठणीत! किडनीसाठी गोळ्या हायत, त्यांनी भूक लागती म्हणं. पर ह्यो पेठंत काय सांगत सुटलाय? "माझा दोष न्हाय, किडनी दादाची हाय, ती खुराक मागती!" त्र्याण्णव किलो झालाय! आता पाटं पाचाला उठून मी त्याच्या दाराला लाथा घालतो, वडून रंकाळ्यावर आणतो, म्होरं घालून चालवतो, कारण दुसरी द्यायला माझ्याकडं न्हाय. हे मातूर त्याच्यासाठी... बरं, जाऊ द्या.

ते बघा, तिसऱ्या वळीत, भडंगाची पुडी फोडतोय. वर्षाराणी, घे गं ती! माफीचं म्हणाल तर वाट बघून थकलो मी; तोंड रिकामं झालं तर मागंल की माणूस! कोण म्हणून काय इचारताय पावणं? माझा भाऊ, बाळासो!