माजिवड्याचा पूल, कागदाचा

माझं माहेर डोंबिवलीचं, पूर्वेला, एमआयडीसीच्या अंगाला आमची चाळ होती. मूळ गाव संगमेश्वराकडे, पण ते मी गणपतीत चार दिवस बघितलेलं, त्यामुळे गावची म्हणून सांगण्यासारखं माझ्याकडे काय नाय. वडील रंगाच्या कारखान्यात होते, घरी यायचे तेव्हा कानामागे कधी निळे कधी पिवळे असायचे. आम्ही तीन बहिणी, मी मधली, आणि मधली म्हणजे धसमुसळी. कुठे कपबशी फुटली की आई मागे न बघताच विचारायची, मंदा, लागलं काय गं? शाळेत कार्यानुभवाच्या तासाला बाईंनी कागदाची पेटी करायला लावलेली, तर माझी पेटी त्यांनी वर धरली आणि सगळ्या वर्गाला बोलल्या, बघा, अशी करायची नाही. वर्ग हसला. मी पण हसले, काय करणार. पण तेव्हापासून कातरी आणि डिंक दिसला की मी चार हात लांब.

मला दिलं माजिवड्याला. यांची रिक्षा. दोन मुलगे झाले, मोठे झाले, आता आपापल्या कामाला आहेत, त्यांचं सांगत बसले तर दिवस जाईल. मी बाळकुमला मुलींच्या वसतिगृहात लागले. दिसत नाय अशा मुली, कुणाला अजिबात नाय, कुणाला थोडं धूसर. काम म्हणाल तर वेण्या घालणं, कपडे, जेवणाची ताटं, ताप आला तर उशाशी बसणं. सगळ्या मला मावशी बोलतात. चौदा वर्षं झाली, आणि काय सांगू तुम्हाला, पहिल्या महिन्यात मी सोडून जाणार होते. वाटायचं, या पोरींना मी काय देणार.

दीक्षा कल्याणची. चौथीत असताना आली, जन्मापासूनच दिसत नाय तिला. आई-बाबा दोघं कामावर जाणारे, चांगली माणसं. पोरगी हुशार, पण प्रश्न इतके विचारायची की वेणी होईपर्यंत माझं डोकं उठायचं. मावशी, सावली ओली असते काय? मावशी, लांबची वस्तू लहान दिसते मग जवळ आल्यावर ती मोठी कधी होते? मी बोलायचे, सरळ बस गं बाई, भांग वाकडा होतोय.

दहावी झाली, चांगल्या मार्कांनी झाली, आणि ठाण्यातल्या कॉलेजात नाव लागलं. आता कॉलेजला जायचं म्हणजे शाळेसारखी व्हॅन नाय, आपलं आपण जायचं. पांढरी काठी घेऊन चालायला शिकवणाऱ्या एक मॅडम येतात आमच्याकडे, त्यांनी तिला बाळकुमातले रस्ते शिकवलेले. पुढे माजिवड्याचा नाका. तिथे बस बदलायची, त्यासाठी उड्डाणपुलाखालून पलीकडे जायचं. त्या दिवशी मॅडमना बरं नव्हतं, तर मी बोलले, चल, मी नेते, रोजचाच रस्ता आहे माझा.

पुलाखाली आलो आणि दीक्षाने माझा हात घट्ट धरला. बोलली, मावशी, गाड्या कुठून येतायत? मी बोलले, समोरून. ती बोलली, नाय, वरून येतायत, मागून पण येतायत, अंगावर येतायत. आणि खालीच बसली. खांबाच्या कडेला, धुळीत, काठी टाकून, दोन्ही हात डोक्यावर घेऊन. सोळा वर्षांची पोरगी. लोक बघायला लागले. मी कशीबशी रिक्षात घातली आणि परत आणली.

त्यानंतर ती जाईनाच. मॅडम बोलल्या, समजावलं, रागावल्या. नाय म्हणजे नाय. कॉलेज सुरू व्हायला महिना होता. तिची आई आली, ती बोलली, जाऊ दे मावशी, घरी नेते, घरात बसून काय शिकायचं ते शिकेल. चुकीचं काय बोलत नव्हती, आईचा जीव तो. पण मला माहिती होतं, घरी गेली की बसली.

मी दीक्षाला विचारलं, अगं पूल आहे तो, वरच्या गाड्या वर, खालच्या खाली, तुला काय करणार? ती बोलली, वर म्हणजे कशावर? मला ओढ्यावरचा पूल माहिती आहे, खाली पाणी असतं. खाली रस्ता आणि त्याच्यावर रस्ता, तो पडत कसा नाय? मग मी माझा एक हात आडवा धरला, दुसरा त्याच्याखाली उभा केला आणि तिला चाचपायला दिला. तिने चाचपलं आणि बोलली, हे तर तुझे हात आहेत.

तेव्हा माझ्या मनात आलं की पूल करून दाखवावा. कागदाचा. वसतिगृहात कागद म्हणाल तर ढीग, ब्रेलचा, जाड, जुनी पुस्तकं फाटली की रद्दीत जायचा. दुपारी मुली झोपल्या की मी जेवणघरात बसायचे. पहिल्या दिवशी भाजीची कातरी घेतली, पट्टी कापली, खाली चार सुरळ्या उभ्या केल्या, डिंक लावला. लावला म्हणजे ओतला. सुरळ्या उलगडल्या, एक उंच एक बुटकी, पट्टी ओली होऊन वर वळली कढईतल्या पापडासारखी. मी तसाच गोळा केला आणि कचऱ्यात टाकला. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. मोबाइलवर एक माणूस बघितला, हिंदीत भराभर बोलत होता, बस इतना करना है, बोलला आणि पाच मिनिटांत घर उभं केलं त्याने, खिडक्यांसकट. मी त्याला पाच वेळा थांबवून बघितलं. माझ्या कागदाची घडी घालायला गेले की घडी भलतीकडेच जायची. मला त्या बाई आठवल्या, वर्ग आठवला, आणि खरं सांगते, पन्नाशीची बाई मी, जेवणघरात बसून रडले.

आमच्याकडे पुस्तकं शिवायला एक बाइंडिंगवाले काका यायचे, व्हरांड्यात बसायचे. त्यांनी माझे पराक्रम बघितले. हसले नाय. एक कागद घेऊन उभा फाडला, तो सरळ फाटला, मग आडवा फाडला, तो वेडावाकडा गेला. बोलले, कापडाला सूत असतं तसं कागदालाही असतं, सुताच्या बाजूने घडी घातलीत तर तो तुमचं ऐकेल, उलटं गेलात तर भांडेल. मग शाई संपलेली रिफिल दिली, बोलले, घडी घालण्याआधी पट्टी लावून हिने रेघ दाबायची, मग वाकवायचं. आणि डिंक बोटाने नाय, काडीने, पातळ, लावल्यावर धरून ठेवायचं. मी विचारलं, किती वेळ? बोलले, तुम्हाला कंटाळा येईल त्याच्या दुप्पट.

ते दुप्पट धरून बसणं, ताई, सगळ्यात कठीण. माझा जन्म घाईत गेलेला. सकाळी डबे, मग बस, मग पन्नास वेण्या. दोन बोटांत कागद धरून नुसतं बसायचं हे माझ्या अंगातच नव्हतं. मी देवाचं नाव घ्यायला लागले, शंभर वेळा घेतलं की सोडायचं. पण चिकटायला लागलं. आठ दिवसांत पूल उभा राहिला. सरळ. मी त्याला करडा रंग दिला, पांढरे पट्टे ओढले. वॉर्डनमॅडम बोलल्या, मंदाताई, हा तुम्ही केलात? माझी छाती फुगली.

दीक्षाला बसवलं, तिच्यासमोर ठेवला. तिने वर बोटं फिरवली आणि हसायला लागली. बोलली, मावशी, पुलावर नद्या आहेत. मला कळेना. ती बोलली, भूगोलाचा धडा आहे गं हा, गोदावरी आहे, कृष्णा आहे. ब्रेलची टिंबं मी सपाट केलीच नव्हती, रंगाच्या खाली तशीच होती. मी पण हसले. मग तिने हात खाली घातला, खांब शोधले, जरा टेकली आणि पूल बसला. सपाट. तिची काय चूक, हाताने बघायचं म्हणजे दाबावं लागतंच. पण मला राग आला, मी बोलले, आठ दिवस बसले मी तुझ्यासाठी, जरा जपून हात लावता येत नाय तुला?

तिने चेपलेला एक खांब उचलून चाचपला. मग हळूच बोलली, तू तुला दिसतो तसा केलास मावशी. खांब बोटाएवढा आहे. त्या दिवशी मी टेकलेले तो खांब माझ्या दोन्ही हातांत मावत नव्हता. आणि गाडी वर चढते कुठून, ते यात कुठेच नाय.

मी उठून गेले. दिवसभर तिच्याशी बोलले नाय. पण रात्री घरी भाकऱ्या थापताना कळलं, पोरगी खरं बोलली. रंग कुणासाठी दिला मी? पट्टे कुणासाठी ओढले? वॉर्डनमॅडमसाठी, माझ्यासाठी.

रविवारी सकाळी यांना बोलले, सोडा मला पुलाखाली. आणि पावलं मोजली. बसच्या थांब्यापासून पहिल्या खांबापर्यंत किती, खांबापासून खांबापर्यंत किती, खांबाला फेरी मारायला किती. मध्ये डोळे मिटून उभी राहिले. ट्रॅफिक हवालदार आले, बोलले, ताई काय हरवलंय काय? मी बोलले, नाय, मोजतेय. त्यांना काय वाटलं असेल देव जाणे. पण डोळे मिटल्यावर मला पण ते ऐकू आलं. खरंच सगळीकडून येत होतं, ताई. मी घाबरून डोळे उघडले.

दुसऱ्या दिवशी दीक्षाला बोलले, चल, आता दोघी करू. ती बोलली, मला येईल? मी बोलले, मला तरी कुठे येतं. मोडका कॅरम बोर्ड खाली घेतला. एका पावलाला एक बोट असं माप धरलं. आणि गंमत बघा, रिफिलने दाबलेली रेघ मला चष्मा लावून पण दिसायची नाय, तिला बोटाला लगेच लागायची. घड्या ती घालायची, कातरी माझी. तिच्या घडीला कधी सुरकुती नाय. खांबांत आम्ही कागदाचे बोळे ठासून भरले. वरचा रस्ता मात्र मध्ये खचायचा, दोनदा खचला, तिसऱ्यांदा मी सोडून देणार होते. लाइट गेलेली, दीक्षा कागदाच्या घड्या घालून पंखा करून वारा घेत होती. तिने तो पंखा तसाच आडवा ठेवला, वरून दाबला, आणि बोलली, मावशी, घड्या घातल्या की हा बसत नाय. मग वरच्या रस्त्याच्या पोटात तसल्या घड्यांची पट्टी घातली. त्याच्यावर मी तांब्या ठेवून बघितला. राहिला. टिंबाचा कागद आम्ही मुद्दाम खालच्या रस्त्याला लावला, खरखरीत, म्हणजे वाहनाचा रस्ता, आणि फुटपाथला गुळगुळीत.

पूर्ण झाल्यावर तिने किती वेळ हात फिरवला, मी मोजला नाय. चढ सुरू होतो तिथून वर गेली, पलीकडे उतरली. परत खालून, थांब्यापासून, एक खांब, दुसरा खांब, पलीकडचा थांबा. मग हात पुलाखालीच ठेवून थांबली. बोलली, मावशी, बाथरूममध्ये गाणं म्हटलं की आवाज चारी बाजूंनी येतो, तसं आहे काय हे? वर झाकण आहे म्हणून? मी बोलले, तसंच आहे. ती बोलली, म्हणजे गाड्या सगळीकडून येत नाय. आवाज येतो.

एवढंच बोलली. पण दुसऱ्या दिवशी स्वतःच काठी घेऊन दारात उभी. काठीवाल्या मॅडमबरोबर दहा दिवस गेली, एकदा मध्येच थांबली, खांबाला हात लावला, पुढे गेली. सिग्नलला कोण ना कोण हात देतंच, लोक वाईट नाय. ज्या दिवशी एकटी गेली त्या दिवशी माझ्याकडून भातात मीठ दोनदा पडलं. फोन आला तेव्हा फक्त बोलली, मावशी, पोचले, आता तास आहे, ठेवते.

आता ती पदवीच्या दुसऱ्या वर्षाला आहे, कल्याणला घरी राहते, तिथून बसने एकटी येते-जाते. वसतिगृहात एक कपाटभर कागदाच्या वस्तू झाल्यात. स्टेशनचा जिना केला, विहीर केली, उसाचा चरक केला तो फिरत नाय. विमान चारदा बिघडलं, शेपूट अजून एका अंगाला झुकतं. कामाला नवीन आलेली एक बाई परवा चिडून कागद फाडायला लागली, तिला मी बसवलं आणि बोलले, धरून ठेव, दुसरं काय करू नको.

गेल्या आठवड्यात दीक्षाचा फोन आला. बोलली, मावशी, माजिवड्याला पुलाच्या पण वरून आता आवाज येतो. मी बोलले, मेट्रोचं काम आहे ते, पुलावरून मेट्रो जाणार. ती बोलली, म्हणजे तिसरा रस्ता? मग आपला पूल चुकला की. मी बोलले, चुकला नाय, राहिलाय थोडा. या रविवारी येणार आहे ती. मी कागद निवडून ठेवलाय, सूत बघून. तुम्हाला वेळ असेल तर तुम्ही पण या ताई, धरायला हात लागतातच. नाय जमलं तरी असू दे, जिथे असाल तिथे सुखात राहा.