फाटकाबाहेर राहिलेला ठोसा

आजच्या समारंभाचे सन्माननीय अध्यक्ष श्री. ग्लेन वाइल्डर, व्यासपीठावर विराजमान झालेले रेव्हरंड पील, जत्रा मंडळाचे सर्व सभासद, आजचे सत्कारमूर्ती ऑर्विल टटल, आणि हिकरी बेंडच्या मोटारशर्यतीच्या ट्रॅकची निम्मी माती ज्यांच्या पोटात गेली आहे अशा समोर बसलेल्या माझ्या बंधुभगिनींनो, तुम्हा सर्वांना ओपल रिचीचा मनापासून नमस्कार. आणखी एका माणसाला नमस्कार करायचा आहे. तो या सभागृहात नाही. बाहेर, फाटकापलीकडे, निळ्या पिकअपमध्ये बसला आहे. फाटकाच्या खांबावर आपला कर्णा आहे आणि तो चालू आहे, हे मी मघाशी स्वतः जाऊन पाहून आले. तेव्हा मर्ल डेंटन, तुलाही नमस्कार. गाडीची काच खाली कर.

अध्यक्षांनी मला दारातच बजावलं, "ओपल, थोडक्यात आटप हं, चिकन गार होतंय." ग्लेन, चिकन गार झालं तरी खाता येतं. माझं जे बोलायचं आहे ते मात्र सोमवारनंतर बोलून उपयोग नाही.

आत्ताच रेव्हरंड पील यांनी फार सुंदर शब्दांत ऑर्विलचा गौरव केला. शांत स्वभाव, संयम, क्षमाशील वृत्ती, असे शब्द त्यांनी वापरले. रेव्हरंड, तुम्ही गावात नवीन आहात, तुमचा काही दोष नाही. या सभागृहात ज्यांनी ज्यांनी ऑर्विल टटलच्या हातचा ठोसा खाल्ला आहे त्यांनी कृपया हात वर करावेत. लाजू नका. बघा, रेव्हरंड, नीट बघून घ्या. अध्यक्षमहोदय, तुमचा हात अर्धाच वर आलाय. पुरता करा, मी समोरच होते.

हा माणूस इथे झेंडेवाला होता. शर्यत सुरू करणारा तो, थांबवणारा तो, कोण जिंकलं हे सांगणारा तो. त्याच्या निकालाबद्दल कोणी ब्र काढला की आधी झेंड्याची काठी आणि मग मूठ. एकदा एका ड्रायव्हरच्या सासऱ्याने त्याला विचारलं, "का रे, डोळे तपासून घेतलेस का?" ऑर्विल म्हणाला, "घेतले. आता तुमचे तपासू." सासरेबुवा महिनाभर एका डोळ्याने पेपर वाचत होते.

पण त्या काळी या गावात मारामारी हे वाईट काम समजलंच जात नव्हतं. आता टीव्हीवर शर्यती दाखवतात, त्यात माणूस लोखंडी पिंजऱ्यात बसवलेला असतो. आमच्या वेळी डोक्यावर आभाळ. अंगात अर्ध्या बाहीचा शर्ट, डोळ्यांवर चष्मा, कमरेला पट्टा, संपलं. गाडी उलटली की मान आणि माती यांच्यामध्ये काहीच उरत नसे. एकाचा हात कुंपणाच्या फळ्यांत अडकून राहिला आणि तो स्वतः मक्याच्या शेतात सापडला. एकदा चाक निखळून स्टँडमध्ये आलं आणि बिचाऱ्या हर्शीबाईंच्या मांडीचं हाड मोडलं. बाई पुढच्या रविवारी प्लास्टर घालून त्याच जागेवर हजर! बॉनेटवर रक्त असलेली गाडी पाण्याने धुऊन लगेच दुसऱ्याच्या हाती दिलेलीही आपण पाहिली आहे. मग का येत होतो आपण? मातीसाठी? कणसांसाठी? खरं सांगू? आपल्याला ते आवडत होतं. गाडी हवेत गेली की आपण सगळे एकदम उभे राहायचो, आणि बसताना एकमेकांच्या डोळ्यांत बघायचो नाही.

एवढं सगळं असून या ट्रॅकवर कधी खून पडला नाही, कोणी कोणाचं गोदाम जाळलं नाही, पोराबाळांपर्यंत वैर गेलं नाही. का? तर फाटकाचा नियम. जुन्या मंडळींना माहीत आहे, रेव्हरंडांसाठी सांगते. ट्रॅकवरचं भांडण फाटकापाशी मिटवायचं. ज्याचं नुकसान झालं त्याने एक ठोसा मारायचा, एकच. ज्याच्यामुळे झालं त्याने हात खाली ठेवून तो खायचा. मग दोघांनी एकाच बाटलीतून प्यायचं आणि पुन्हा तो विषय काढायचा नाही. ज्याचा हिशेब मिटला नाही त्याने फाटकाच्या आत पाऊल टाकायचं नाही. माझ्या नवऱ्याने, हार्लनने, एकदा शर्यतीत मर्लला वळणावर कुंपणात घातलं होतं. फाटकापाशी मर्लने हार्लनचे दोन दात पाडले. त्याच रात्री तो आमच्याकडे जेवायला आला आणि हार्लनला चावता येईना म्हणून बटाटे स्वतः कुस्करून देत बसला. अशी ती माणसं.

आता अठ्ठावन्न सालच्या लेबर डेच्या सुट्टीतल्या शर्यतीबद्दल. ग्लेन, घड्याळाकडे बघू नकोस.

त्या दिवशी ऊन भयंकर होतं आणि टँकरने पाणी मारलं ते न मारल्यासारखंच. दहा-बारा फेऱ्यांत अशी धूळ उठली की समोरचा खांब दिसेना. आम्ही बायका तोंडाला ओले रुमाल बांधून बसलो होतो. हार्लन चौथ्या वळणातून बाहेर आला तो आडवा. मागच्याचं चाक त्याच्या चाकावर चढलं. गाडी हवेत गेली, दोनदा फिरली आणि बरोबर मधल्या सरळ पट्टीवर उलटी पडली. हार्लन खाली. मागून सगळ्या गाड्या येत होत्या, त्या धुळीत, आंधळ्या.

मी कुंपणापाशी धावले. दारावरचा रखवालदार म्हणाला, "बायकांना आत यायची परवानगी नाही, बाई. अपशकुन असतो." त्याच्या मागे माझा नवरा गाडीखाली होता आणि हा मला अपशकुन सांगत होता! माझ्या हातात कॉफीचा थर्मास होता. मी तो त्याच्या कानशिलात घातला. अजून त्याला त्या कानाने कमी ऐकू येतं, आणि मला अजून वाईट वाटत नाही.

आत जाऊन बघते तर ऑर्विल कडेला उभा राहून लाल झेंडा हलवतोय आणि कोणालाच तो दिसत नाहीये. त्याने एकदा हार्लनकडे पाहिलं. मग हा माणूस ट्रॅकवर उतरला. हार्लनच्या गाडीच्या पुढे, येणाऱ्या गाड्यांच्या दिशेने, धुळीत, पळत. हातात झेंडा, तोंडात शिव्या. पहिली गाडी त्याला चाटून गेली, दुसरी वळली, तिसरी कुंपणावर चढली. चौथी मर्लची. मर्लला झेंडा दिसला तेव्हा झेंड्यामागचा माणूस बॉनेटवर आला होता. मी तो आवाज ऐकला आहे. ओली फांदी गुडघ्यावर मोडावी तसा. ऑर्विलचा पाय गुडघ्याखाली राहिला नाही. मर्लची गाडी त्या धक्क्याने फिरली आणि हार्लनपासून हातभर अंतरावर थांबली.

हार्लनची पाठ गेली, शर्यत गेली, पण माणूस घरी आला. तेहतीस वर्षं माझ्या टेबलावर जेवला. ऑर्विल, ही तेहतीस वर्षं मला तू दिलीस. हे मी आजवर तुला तोंडावर म्हटलं नव्हतं, कारण आभार मानायला गेलं की तू अंगावर येतोस. आज व्यासपीठ मध्ये आहे म्हणून म्हणते.

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात काय झालं ते त्या दोघांखेरीज आता फक्त मला माहीत आहे. हार्लन आणि ऑर्विल शेजारच्या खाटांवर होते. मर्ल आला. टोपी हातात, कपाळाला टाके, रात्रभर न झोपलेला. ऑर्विलच्या खाटेपाशी वाकला, हनुवटी पुढे केली आणि म्हणाला, "मार. फाटक नाहीये इथे, पण मार. मला आत येऊ दे."

आणि आपले ऑर्विल काय म्हणाले? "छे छे, मिस्टर डेंटन. तुमची काहीच चूक नाही. तुम्हाला दिसलं नाही. तुम्ही कशाला तसदी घेतलीत?"

तुमची! तुम्ही! ज्याने न्यायाधीशालाही अरेतुरे केलं तो माणूस मर्लला अहोजाहो करत होता. त्याने मर्लला बारा ठोसे मारताना मी पाहिलं असतं तरी मला एवढं लागलं नसतं. मर्ल तसाच वाकलेला राहिला, मग हळूच सरळ झाला, टोपी घातली आणि गेला. तो पुन्हा कधी गाडीत बसला नाही आणि पुन्हा कधी या फाटकाच्या आत आला नाही. कोणी अडवलं नव्हतं त्याला. नियम त्याला आपल्यापेक्षा जास्त कळत होता. तेहतीस हंगाम त्याने तिसऱ्या वळणापलीकडच्या मक्यात पिकअप लावून, टपावर उभं राहून शर्यती पाहिल्या. लाकडी पाय लावून ऑर्विल परत झेंडेवाल्याच्या मचाणाची शिडी चढला, जोरात झेंडे हलवू लागला, माणसांना मारूही लागला. फक्त मर्ल बाजारात दिसला की, "नमस्कार, मिस्टर डेंटन. तब्येत बरी ना तुमची?"

रेव्हरंड, याला तुम्ही क्षमा म्हणता? मी नाही म्हणत. ऑर्विल, तू लंगडत अर्ध्या जिल्ह्याला बदडलंस, आणि ज्याच्यावर राग होता त्याला तेवढं बोट लावलं नाहीस. राग होता तुला, खोटं बोलू नकोस. माणसाचा पाय गेला तर त्याला राग येणारच. तू तो ठोसा देत नव्हतास, कारण दिला असतास तर मिटलं असतं.

गेल्या वसंतात हार्लनला पुरलं तेव्हा मर्ल स्मशानाच्या कुंपणाबाहेर उभा होता. मी दफनानंतरच्या जेवणाची थाळी घेऊन त्याच्याकडे गेले. म्हटलं, "मर्ल, तुझा मित्र होता तो. आत ये." तो म्हणाला, "वहिनी, ऑर्विल आत आहे." थाळीही घेतली नाही. मी त्या कुंपणापाशी जेवढी रडले तेवढी खड्ड्यापाशी रडले नाही. आणि मला तुम्हा दोघांचाही असा संताप आला की थर्मास आठवला.

सोमवारी यंत्रं येणार आहेत. ट्रॅक जाणार, स्टँड जाणार, फाटक उपटून भंगारात जाणार. फाटक नसलं तर नियम कुठे पाळायचा? मग मर्ल कुठे आत येणार? तो कायमचा बाहेरच राहणार, कुंपण नसलेल्या मोकळ्या माळावर बाहेर. ऑर्विल, तुझ्या सत्काराला शाल आणि ढाल मी आणलेली नाही. मी फक्त एवढंच मागते की...

कुठे निघालास? माझं संपलं नाही अजून. काठी तरी घे. बरं, नको तर नको. वाट द्या रे त्याला. हात धरू नका त्याचा, लेस्टर! मागच्या वेळी धरलास तेव्हा काय झालं होतं?

बसा सगळे. सगळ्यांनी बाहेर जायचं काम नाही, ते दोघांचं आहे. डोरिस, तू खिडकीपाशी आहेस, तू सांग. फाटकाशी पोचला? उघडलं? मर्ल उतरला का? अजून गाडीतच आहे? ऑर्विल काय म्हणतोय? मोठ्याने सांग, मागच्यांना ऐकू येत नाही.

"मर्ल, गाढवा, उतर खाली."

ऐकलंत? गाढवा म्हणाला. मिस्टर डेंटन नाही म्हणाला. देवा, हार्लनने हे ऐकायला हवं होतं.

उतरला? हात खाली आहेत ना? बरं. आणि... हो, तो आवाज मलाही आला. मर्ल पडला? आणि ऑर्विल? तोही पडला? अगं, लाकडी पायावर जोर दिला असणार त्याने, म्हाताऱ्याला अक्कल नाही. आता कोण कोणाला उठवतंय? मर्ल उठवतोय. डोरिस, रडू नकोस, नीट बघून सांग, कुठे आहेत ते दोघं? फाटकाच्या अलीकडे की पलीकडे?

अलीकडे. आत.

बरं तर. रेव्हरंड, आता एक बाटली फिरेल, तुम्ही क्षणभर डोळे मिटून घ्या. ग्लेन, दोन थाळ्या वाढायला सांग, आणि मर्लसाठी बटाटे कुस्करून, कारण ऑर्विलचा हात मला माहीत आहे.

अध्यक्षमहोदयांनी मला बोलू दिलं, स्वयंपाकघरातल्या भगिनींनी चिकन दोनदा गरम केलं, आणि तुम्ही एवढा वेळ शांतपणे ऐकलंत, सर्वांचे आभार. बोलण्याच्या ओघात कोणाचं मन दुखावलं असेल, मर्यादा सुटली असेल, तर मोठ्या मनाने माफ करावं. ज्याला माफ करता येत नसेल त्याच्यासाठी सोमवारपर्यंत फाटक आहे. मी हात खाली ठेवून उभी राहीन.