शेळ्यांच्या पोटातील भाताबाबत

सौ. सुचिता काळूराम गाणेकर, वय ४४ वर्षे, व्यवसाय घरकाम, भातशेती व शेळीपालन, राहणार कोंढेवाडी, बोर्ली पंचतनजवळ, तालुका श्रीवर्धन, जिल्हा रायगड.

मी स्वतःहून पोलीस ठाण्यात आले असून हवालदार साहेबांनी विचारल्यावरून सांगते की, वरील पत्त्यावर मी, माझे पती काळूराम, सासू नीराबाई व मुलगी प्राप्ती असे राहतो. पती न्हावा शेवा येथे ट्रेलरवर चालक आहेत व सुट्टीला घरी येतात. घरामागे आमच्या तीन शेळ्या होत्या. त्यांतील दोन मेल्या, एक जिवंत आहे. आमचे शेजारी सदा रामा खोपकर यांनी भातातून विष घालून शेळ्या मारल्या, अशी तक्रार माझ्या पतींनी दिलेली आहे. ती तक्रार खोटी आहे. मला कोणी फूस लावलेली नाही. कोणाच्या सांगण्यावरून मी बोलेन असे ज्यांना वाटते त्यांनी मला ओळखलेले नाही.

गेल्या रविवारी प्राप्तीचा साखरपुडा आमच्या घरी झाला. मुलाकडची माणसे उरणकडची. ऐन वेळी त्यांच्या भावकीत सुतक आले, म्हणून थोडीच माणसे आली. स्वयंपाक मात्र सगळ्यांचा झाला होता. भाताचे मोठे पातेले अर्ध्याहून जास्त भरलेले राहिले. मी भांडी घासणाऱ्या बायकांना सांगितले की भात झाकून ठेवा, वाडीत वाटू. नंतर मी पाहुण्यांना वाटेला लावण्यासाठी पतींसोबत रस्त्यापर्यंत गेले. पती तेथूनच कामावर निघाले.

मी परत आले तेव्हा पातेले रिकामे होते. मागच्या दारी शेळ्यांच्या पुढ्यात घमेले होते व त्याच्या कडेला भात चिकटला होता. सासूबाई जवळच बसून शेळ्यांच्या अंगावरून हात फिरवत होत्या. मी म्हटले, "आई, अवघा भात घातलात?" त्या म्हणाल्या, "मंग काय उकिरड्यावर टाकू? पोरीच्या साखरपुड्याचा भात हाय. मुक्या जीवाच्या तोंडात गेला, पोरीला आशीर्वाद मिळल." आमच्याकडे शुभकार्यातले अन्न टाकत नाहीत, गुरांच्या मुखी घालतात. एखादी मूठ घातली तर काही होत नाही. सासू नीराबाई यांनी मायेने भात घातला, तोही घमेले भरभरून. शेळी काही माणूस नव्हे की जेवण जड झाले म्हणून उठून चार फेऱ्या मारील.

संध्याकाळी दोन शेळ्यांनी रवंथ करणे सोडले. बांडी शेळी दात खात होती व कण्हत होती. तिची डावी कूस फुगून वर आली होती. मी सरकारी दवाखान्याच्या डॉक्टरांना फोन केला. ते लसीकरणासाठी म्हसळ्याला होते. त्यांनी नीट ऐकून घेतले व विचारले, "धान्य किंवा भात खाल्ला का?" मी हो म्हटले. ते म्हणाले, खायचा सोडा कोमट पाण्यात विरघळवा, त्यात थोडे गोडेतेल टाका आणि पाजा. तोंड वर करून ओतू नका, फुप्फुसात जाईल. गालाच्या कडेने थोडे थोडे सोडा. भात, पेंड काही देऊ नका, फक्त सुका चारा ठेवा. मी सकाळी येतो.

माझ्या एकटीने हे होण्यासारखे नव्हते. प्राप्ती साखरपुड्याच्या साडीत रडत उभी होती, तिचा काही उपयोग नव्हता. म्हणून मी कुंपणापाशी जाऊन सदाभावजींना हाक मारली. आमच्या शेळ्यांनी त्यांची काजूची कलमे खाल्ली होती, तेव्हापासून आमचे बोलणे बंद होते. "परत आल्या तर जित्या जानार न्हाईत," असे ते तेव्हा चारचौघांत म्हणाले होते, हे खरे आहे व मी ते लपवत नाही. परंतु मी हाक मारल्यावर त्यांनी काहीही न विचारता कुंपण ओलांडले. वाडीत कोणाची शेळी जंताने खंगली किंवा पावसात खूर कुजून लंगडू लागली, तर डॉक्टर औषध देतात आणि पाजायला, लावायला सदाभावजींनाच बोलावतात. त्यांच्या हाताला ते बसले आहे.

सोडा माझ्या घरातला. तेल माझ्या घरातले. पाणी मी तापवले, बाटली मी धुतली, शेळी मी धरली. सदाभावजींनी फक्त पाजले. आमच्या समोर राहणाऱ्या रंगू यांनी पडवीतून एवढेच पाहिले की सदा शेळीच्या तोंडात बाटली रिकामी करतोय. त्यांनी माझ्या पतींना फोन करून तेच कळवले. मला विचारायला त्या चार पावले आल्या नाहीत.

बांडी रात्रीतच मेली, दुसरी सकाळी. तिसरी वाचली, कारण तिला दोघींनी ढुशा देऊन घमेल्यापासून लांब ठेवले होते. डॉक्टर सकाळी आले. त्यांनी मेलेली शेळी चिरून पाहिली. आत भातच भात होता व आंबूस वास येत होता. भात पोटात आंबला, त्याने मेली, असे ते मला म्हणाले. लेखी नंतर देणार आहेत. पतींनी मात्र भात एवढाच शब्द धरला आणि एका दिवसापुरते येऊन, विषाचा भात करून तक्रार दिली.

पतींना खरे माहीत आहे. मी त्यांना फोनवर सर्व सांगितले होते. आज सकाळी ते फोनवर म्हणाले, "तू तोंड उघडलंस तर आय खचल. सदाचं काय, दोन दिसांनी सुटल." मी म्हटले, "सुटतील व्हय, पन वाडीत त्यांच्या हातचं कोन घेईल?" त्यांनी फोन ठेवला. काल रंगू यांच्याच करडाचे पोट फुगले. त्या सदाभावजींच्या दारात गेल्या. ते म्हणाले, "मी न्हाय हात लावनार. मेलं तर माझ्या नावावर." त्यांना मी दोष देत नाही. मला राग रंगूचा आला, पतींचा आला आणि एवढे दिवस गप्प बसले म्हणून माझाही आला.

सदाभावजी सकाळपासून ठाण्याच्या बाहेर बाकावर बसले आहेत. त्यांना घरी जाऊ द्यावे. कोर्टात सांगावे लागले तर मी हेच सांगेन, पती शेजारी उभे असले तरी.

सासूबाईंचा जबाब घेण्यास पोलिसांना घरी यावे लागेल, असे मला सांगण्यात आले. त्यांना अद्याप खरे कारण माहीत नाही. विष घातले असेच त्यांना सांगितले आहे आणि त्या रोज मागच्या दारी उभ्या राहून सदाभावजींच्या घराकडे तोंड करून त्यांना शाप देतात. बांडीला त्यांनी बाटलीने दूध पाजून वाढवले होते, तिची आई लवकर गेली म्हणून. माझी विनंती आहे की पोलिसांनी उद्या यावे, आज येऊ नये. हे त्यांना खाकी कपड्यातल्या माणसाकडून कळू नये. घरी गेल्यावर मीच सांगणार आहे. त्या मला काय बोलतील ते बोलू देत.

येथवरचा मजकूर हवालदार साहेबांनी मला मोठ्याने वाचून दाखवला. मी सांगितले तसाच तो होता, फक्त एका जागी "सासू नीराबाई यांनी निष्काळजीपणे भात घातला" असे लिहिले होते. तो शब्द मी खोडायला लावला व तेथे "मायेने" असे लिहा म्हणाले. असा शब्द जबाबात बसत नाही, असे साहेब म्हणाले. मी पेन टेबलावर ठेवला व बसून राहिले. त्यांनी तो शब्द लिहिला. आता सर्व बरोबर आहे, म्हणून सही करते.

सही/- सुचिता काळूराम गाणेकर