रगत कामून?

"पण रगत कामून?"... आता तुम्हीच सांगा, ताप अंगाला आलाय, डोकं दुखायलंय, पोट फुगलंय, आन् दवाखान्यातलं माणूस सुई घेऊन दंडाकडं बघायलंय, तर कुणीबी इचारणारच की! थांबा, आधी कोण कोण ते सांगते. ठाणाकुशनूरात एक होती सोजराबाई, एक तिचा एकुलता लेक अंकुशराव, आन् एक होती सून, नागूबाई, हुमनाबादकडची. घरात येऊन वरीस न्हाई झालं, तर तापानं आडवी! निजामाचं राज नुकतंच गेलेलं, नवे साहेब आलेले, कोण कशाला काय लिहून न्यायलंय कुणाला ठावं? सोजराबाईचा तर स्वतःच्या सावलीवर सुदिक भरवसा नव्हता.

तर बैलगाडीनं बिदर गाठलं. दाक्तर म्हणला, "अम्मा, मलेरिया है या मुद्दत का बुखार, वो टायफाइड, खून बोलेगा." बोलेगा? रगताला तोंड कुठंय बाबा! सोजराबाई लई भांडली, शेवटी काढू दिलं. आन् दुसऱ्या दिशी काय? "कुछ नहीं निकला, आठ दिन बाद फिर लाओ." मग आधीचं रगत गेलं कुठं? सांडलं, का विकलं, का कुणाला पाजलं? दाक्तर बिचारा मोडक्या मराठीत समजावतोय, "दिवस चढले की रगतात बुखाराशी लढणारं बळ तयार होतं, तवाच ते नळीत दिसतं..." आन् ही म्हणतीय, "लढाई माझ्या सुनेच्या अंगात, आन् तमाशा तुमच्या नळीत? रगत कामून?"

पण दाक्तरबी अडून बसला. नवी गोळी हैदराबादेहून मोजकीच येती, पक्कं कळल्याबिगर कुणाला देणार न्हाई! आन् आठ दिवसांत तर नागूबाईची जीभ वाळली, मान उचलंना, काहीबाही बरळायली. काय करता? पुन्हा बिदर, पुन्हा सुई, पुन्हा "रगत कामून?"... नळ्यांचं काम बघायचा गुरप्पा, गुलबर्ग्याकडचा, बोलणं सगळं कानडी. रगतावरचं निवळ पाणी त्यानं टायफाइडच्या मेलेल्या जंतूंच्या पाण्यात मिसळून ठिवलं, आन् दुसऱ्या दिशी सकाळी नळी उजेडाला धरून वरडला, "गट्टी! गट्टी आयतु, डाक्टरे!" अहो, नाचायचाच बाकी!

गट्टी?... सोजराबाईच्या अंगाचा भडका उडाला. "माझ्या सुनेच्या रगतानं बुखाराशी गट्टी केली? आन् हा मेला सोयरीक जमल्यावाणी हासायलाय! अंकुश, गाडी जुंप!" आन् अंकुशराव? आईपुढं कधी तोंड उघडलं व्हय त्यानं? जुंपली की! मागनं दाक्तर पळतोय, "अम्मा, रुको! अम्मा!"... आन् अम्मा म्हणतीय, "हाक, हाक, मागं बघू नको!"

गाडी दवाखान्याच्या फाटकात आली आन् कडब्यावर पडलेल्या नागूबाईनं डोळे उघडले. बारीक आवाजात म्हणली, "आत्याबाई... आमच्या माहेरच्या कानडीत गट्टी म्हंजे घट्ट. नळीत गोळा झालाय. बुखार... सापडलाय."

"मग तसं मराठीत बोलावं की मेल्यानं!"

"आत्याबाई," तिनं सासूचा पदर धरला, "मला जगायचंय."

तुम्हाला सांगते, ती बाई स्वतः उतरली, कासरा ओढून बैल मागं वळवले. पण खोड जाती का? गोळी हातात आल्यावर म्हणते, "आधी ह्या गुरप्पानं खाऊन दावावी!" दाक्तरनं हातच जोडले.

चवथ्या दिशी ताप उतरला. तापात गळालेले केस दाट आले, पुढच्या सालात पाळणा हलला, घराचं चांदणं झालं बघा. फकस्त निघताना दाक्तर सुनेच्या कानात पाण्यातनं येणाऱ्या बुखाराचं काय बोलला कोण जाणे, तवापासून ती घागरीच्या घागरी पाणी उकळायलीय, आन् बिगर उकळलेलं कुणाला थेंब देत न्हाई! चैताच्या उन्हात सोजराबाई रानातून येती, तांब्या तोंडाला लावती, आन् चुलीवरनं नुकत्याच उतरलेल्या पाण्यानं ओठ भाजतेत. काय करता? सून हाती लागली... गार पाणी गेलं ते गेलंच!