गोड्या पाण्याची घागर

आकांक्षा : आधी गाडी बाजूला घे, कुलदीप. मग बोलते.

कुलदीप : आता काय झालं? बाळापूर आत्ता कुठं मागं पडलं. अन् मागं ट्रेलर जोडला हाये, सायकल नाई हे. कुठंबी कशी थांबवू?

आकांक्षा : त्या लिंबाखाली जागा आहे. तिथं घे.

कुलदीप : घेतली. बोल. मासोळ्यांची पेटी हालली का? उतरून पाहू?

आकांक्षा : मासे मजेत आहेत. तुझ्या मावशींच्या गोड्या पाण्यात पोहताहेत. सकाळचा चहा प्यायलास तू?

कुलदीप : पेलो ना. थोडासा.

आकांक्षा : खोटं नको बोलूस. अंगणात जास्वंदीच्या बुडाशी ओतलास. मी पाहिलं.

कुलदीप : अवं, खारट होता! तोंडात धरवे ना. मले वाटलं, मावशीनं साखरंऐवजी मीठ टाकलं. वय झालं आता तिचं.

आकांक्षा : काल संध्याकाळचा कसा होता?

कुलदीप : फस्क्लास होता.

आकांक्षा : मग एका रात्रीत वय झालं का त्यांचं?

कुलदीप : एका रात्रीत कसं होईन?

आकांक्षा : कळलं?

कुलदीप : थांब. म्हणजे काल मासोळ्यांसाठी देली थे घागर...

आकांक्षा : घरात तेवढंच गोडं पाणी होतं. सकाळी मी घागर विसळायला घेतली तर कोरडी. नळ कधी येतो म्हणून विचारलं, तर हसून म्हणाल्या, ‘येते बाप्पा, त्याच्या मनात आलं की.’

कुलदीप : आपलं नशीबच खोटं. मावशीच्या गावच्या रस्त्यानं पेटीचं झाकण उडालं नसतं, तर पाणी मागायची पाळीच नसती आली. निम्मं पाणी ट्रेलरभर झालं, मासोळ्या उघड्या पडाच्या राहिल्या. काय करत होतो मी?

आकांक्षा : रस्त्याला कशाला बोल लावतोस? बोअरच्या पाण्यात क्षार मोजायचा मीटर बुडवून काय म्हणालास ते सांग.

कुलदीप : गंमत केली मी.

आकांक्षा : काय म्हणालास?

कुलदीप : ‘मावशी, या पान्यात तं मासोळीबी जगनार नाई.’

आकांक्षा : शेजारच्या गंगूबाईंसमोर. त्या दोघी तेच पाणी पितात, कुलदीप. मावशींनी तोंडाला पदर लावला. तुला वाटलं, हसताहेत.

कुलदीप : मंग तिनंच घागर आणून देली. ‘घे, हे गोडं हाये,’ म्हणाली. मी काय मागतली होती का?

आकांक्षा : नाही. पण राहील का काही, एवढं तरी विचारायचंस. मी परकी, मला ठाऊक नव्हतं. तू तर तिथं लहानाचा मोठा झालास.

कुलदीप : तेच तर! आई नोकरीवर, म्हणून सारा उन्हाळा मी मावशीकडं. तेच खारं पाणी पेलो. आंघोळ केली की अंगावर पांढरं उमटे, मावशी पदरानं पुसे. मले माहीत नव्हतं असं कसं म्हणू? घागर हातात घेतली तवाच समजलं होतं मले.

आकांक्षा : समजलं होतं?

कुलदीप : जिभेवर आलं होतं, ‘तुले राहीन का मावशी?’ पण तिनं ‘नाई’ म्हटलं असतं, तर मासोळ्या गेल्या असत्या. म्हणून गिळलं अन् सगळी पेटीत रिचवली. वरून चहा फेकला. माझ्यासारखा नालायक मीच.

आकांक्षा : जाणून केलंस?

कुलदीप : जाणूनच.

आकांक्षा : आत्तापर्यंत वाटत होतं, तू विसरलास.

कुलदीप : अकोल्यातून पाण्याचे जार घेतो. परत जाऊ, ठेवून येऊ.

आकांक्षा : म्हणजे हिशेब मिटला? त्यांनी घागर दिली ती विकली नव्हती.

कुलदीप : मंग काय करू? कोणत्या तोंडानं जाऊ तिच्यापुढं?

(कुलदीपचा फोन वाजतो.)

आकांक्षा : मावशींचाच आहे. उचल. नुसता बघत काय बसलास? स्पीकरवर टाक.

मैनाबाई : हॅलो... कुलदीप? कुठलोक पोचले बाप्पा?

कुलदीप : बाळापूरच्या पुढं, मावशी.

मैनाबाई : मासोळ्या जित्या हायेत ना रे? रातभर घोर होता मले. फडक्यातून गाळून देल्लं होतं पानी, तरी मनलं, त्याईले मानवते का नाई.

कुलदीप : जित्या हायेत. मावशी, थे पानी तू तुह्यासाठी ठेवलं होतं ना?

मैनाबाई : माह्यासाठी कायले? मले खाऱ्याची सवय हाये. गोडं पाव्हन्याईसाठी ठेवतो. तुमी पाव्हने, तं तुमच्या मासोळ्याबी पाव्हन्याच झाल्या.

कुलदीप : मावशी...

मैनाबाई : सकाळी तुले च्या नाई गेला. पाह्यलं मी. माह्यंच चुकलं बाप्पा. ध्यानातच नाई आलं, का तुले आता आपलं पानी चालत नाई.

कुलदीप : असं नोको मनू वं! मले लाज वाटून राहिली.

मैनाबाई : कायची लाज? इकडं असंच हाये.

कुलदीप : मावशी, आमी वापस येऊन राहिलो. च्या मांड.

मैनाबाई : आता? अरे, नळ नाई आला अजून. पानी खारंच हाये.

कुलदीप : त्याचाच मांड.