सात नंबरची पट्टी

—हात? छे छे, साहेब, हात कोण लावतंय! बसा ना, या पिंपावर बसा, सकाळीच पुसलंय मी. लेक माझी येईलच एवढ्यात — प्रयोगशाळेला कुलूप लावलं की तीनदा ओढून बघते, लहानपणापासूनची खोड. तोवर मी दाखवतो की! ही चौकट, मांडीवरच घेतो. बारा पोलादी पट्ट्या, दोन ओळी, सहा-सहा, आणि प्रत्येकीला वेगळा रंग, तिनेच बनवलेला. धक्क्यावरून समुद्रात सोडायची, दर सोमवारी वर काढायची, पाणी निथळेपर्यंत पाच मिनिटं थांबायचं, फोटो काढायचा, परत सोडायची. झालं काम. ती बाळंतपणाच्या रजेवर होती ना, तेव्हा तीन महिने मीच केलं हे — हो हो, मुलगी झाली! नाक माझ्यावर गेलंय बिचारीचं.

तर काय सांगत होतो — बुळबुळ. तुम्हाला वाटेल, समुद्रात लोखंड टाकलं की लगेच शिंपले बसतात. नाही! आधी जंतू. डोळ्यांना न दिसणारे. पहिल्याच दिवशी एक येतो, चिकटतो, चिकटा सोडतो, मग त्याचे सगेसोयरे येतात, आणि आठवड्यात ही मोठी वस्ती — वर छप्पर, आत पाण्याचे पाट, एकाचं उष्टं ते दुसऱ्याचं जेवण. शिंपल्यांचा नंबर त्यानंतर. म्हणजे तुम्हाला हे माहीतच असणार म्हणा, पण मला लेकीनं सूक्ष्मदर्शकातून दाखवलं तेव्हा मी गारच पडलो. चाळीस वर्षं बोटींची बुडं खरवडली हो मी! त्या खरवडण्यावर ती शिकली, आणि शिकून करते काय? तर बाप जे खरवडत होता, तेच पाण्यात वाढवत बसते! तिची आई म्हणते, बापाचं पाप लेक फेडतेय. हसा, हसा.

आता सात नंबर. हीच ती, खालच्या ओळीतली पहिली, जिचा रंग बोटींसाठी पसंत करायला तुम्ही एवढ्या लांबून आलात. बघा, आरसा! बाकीच्या अकरा हिरव्या-तपकिरी, आणि ही लखलखीत. लेक रजेवरून आली, चौकट वर ओढली, आणि इथे, याच फळ्यांवर नाचली, बाळ कडेवर घेऊन. दोन वर्षं डोकं फोडत होती या रंगांवर, एकही बुळबुळ रोखत नव्हता. म्हणाली, "बाबा, सातला जंतू चिकटतच नाहीत!" मी म्हटलं, वा वा.

काय? ही एकटीच कशी? नाही, कोपऱ्यात येते ना ती — चौकट मांडीवर घेतली की माझा डावा अंगठा बरोब्बर तिच्यावर टेकतो. टेकतो म्हणजे — लागतो. पुसलं असं नाही म्हणता येणार... एखाद्या वेळी. बरं, दर सोमवारी! आता ती पाच मिनिटं रिकाम्या हातांनी करायचं काय, सांगा ना? चाळीस वर्षांची सवय — बुळबुळ दिसली की हात आपोआप चालतो, मला पत्तासुद्धा लागत नाही. मग सांगितलं का नाही? अहो, नाचत होती हो! शाळेत पहिली आली तेव्हासुद्धा नाचली नव्हती. म्हटलं, उद्या सांगू. उद्याचा परवा झाला, आणि परवा तुम्हालाच घेऊन आला.

आणि आता तुम्ही होय म्हणालात की हा रंग खऱ्या बोटींना लागणार. सहा महिन्यांत त्यांची बुडं बुळबुळणार, आणि सगळे तिच्या नावानं खडे फोडणार. माझ्या नाही, तिच्या. घरी ती बाळाला खेळवताना गाणं म्हणते — जंतूंचं गाणं, स्वतः रचलेलं — आणि मी उठून अंगणात जातो...

काय झालं? माझ्या हाताकडे काय बघताय? — अरे देवा! हा तर आठ नंबर!

चकाचक झाला की हो! आणि ती बघा, आलीच, बाळालाही आणलंय. उठा, साहेब, उठा, धक्क्याच्या टोकापर्यंत एक फेरी मारून या. सांगणार, सांगणार — पण आधी तिला, आणि माझ्याच तोंडून. ओरडेल. ओरडू दे. जा तुम्ही. आणि जाताना ही चौकट तेवढी घेऊन जा — माझ्या मांडीवर नको.