गुरुजी, तुमची लेक कुठल्या शाळेत?

मंडळी, ऐका. पंक्तीत वाढणारा माणूस स्वतः दुसरीकडे जेवत असेल, तर त्याच्या हातचं वाढून घ्यावं का? हसू नका, विचार करा. तोवर दिवटे गुरुजींची गोष्ट सांगते.

गुरुजी जिल्हा परिषदेच्या शाळेतले. चार वर्ग आणि मास्तर एकटा! पोरं गळत चाललेली. पिवळी गाडी सकाळी यायची, टायवाली लेकरं भरून इंग्रजी शाळेत न्यायची. पट आणखी घसरला, तर शाळेला कुलूप. मग ज्यांच्याकडे गाडीचं भाडं नाही, त्यांच्या लेकरांनी ओढा ओलांडून शेजारच्या गावी जायचं. मुली तर घरीच बसणार – हे सांगायला पंचांग कशाला लागतं?

म्हणून पाडव्याला गुरुजी दारोदार निघाले, पोरं मागायला. गयाक्काच्या दारात आले. गुढी नुकतीच उभी राहिली होती. गयाक्काची नात स्वरा यंदा पहिलीला जाणार होती. गयाक्का करील ते सगळी आळी करणार, हे गुरुजींना पक्कं ठाऊक.

त्यांनी शाळेचे गुण गायले. गयाक्कानं कडुलिंबाची गोळी त्यांच्या हातावर ठेवली आणि विचारलं, "गुरुजी, तुमची लेक कुठल्या शाळेत?"

आता काय सांगावं? मामाकडे असते म्हणावं, असं गुरुजींच्या जिभेवर आलं होतं. पण तोंडात कडुलिंब! गिळला गेला, आणि त्याच्यामागून खरं बाहेर आलं. "तालुक्याला. इंग्रजीत."

"मग माझी नात कशाला मागता?"

"मागायला पाठवलंय म्हणून, आक्का."

बघा हो, असं बोलणारा मास्तर तुम्ही पाहिलाय? गयाक्काला राग आला नाही, नवल वाटलं. तिनं त्यांना ओट्यावर बसवलं आणि खोदून खोदून विचारलं, काय असतं तर स्वतःची पोर आणली असती? गुरुजी म्हणाले, जोडीला आणखी एक शिक्षक हवा. आणि मला सर्वेक्षणाला न धाडता वर्गात राहू द्यायला हवं.

झालं! गयाक्कानं पदर खोचला. आळीतल्या बाया घेऊन पंचायत समितीच्या पायरीवर जाऊन बसली. साहेब म्हणाले, अर्ज द्या. ती म्हणाली, आम्ही आलोय तोच अर्ज. जेवणाच्या सुट्टीत साहेबांना बायांना ओलांडून जाता येईना, आणि बाया उठेनात. शाळा उघडायच्या आत शिकवायला दुसऱ्या बाई हजर झाल्या, आणि गुरुजींचं सर्वेक्षणही सुटलं!

पहिला दिवस. गयाक्का नातीला घेऊन फाटकाशी उभी, आत पाऊल टाकेना. अख्खी आळी तिच्यामागे. गुरुजींच्या घरी रात्री काय रामायण झालं, ते तुम्ही ताडा. पण फटफटी आली. टाकीवर त्यांची लेक ऋजुता, गाल फुगवलेले, गळ्यात जुन्या शाळेचा टाय.

गयाक्का म्हणाली, "राहू दे गं टाय. आमच्या पोरींनाही बघू दे, कसला असतो." आणि स्वराचा हात तिच्या हातात दिला.

आता पुढच्या रांगेतले पुढारी, मान खाली का घातली? मी नाव घेत नाही. आपल्या शाळेचं छत गळतं, ठाऊक आहे कुणाला? कसं असणार! ते दुसऱ्याच्या लेकराच्या डोक्यावर गळतं. आपलं लेकरू खाली बसवा, मग भोकं मोजायला माणूस धाडावा लागत नाही.

चला, नाव घ्या देवाचं. आणि उद्या लेकराचा हात धरून आपल्या शाळेच्या फाटकातून आत या.